रेषेबाहेरचा उतार

प्रिय धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. इतके ठणठणीत की काल एक बार्जवाला नावेचा पंखा वाकला म्हणून आला होता, त्या बिचाऱ्याला आधी अर्धा तास तुझा फोटो दाखवला आणि मगच माझ्याकडे पाठवलं. ते वर्तमानपत्रातलं कात्रण आता घडीवर फाटायला आलंय. नदीकाठ कामाचाच राहणार, असा मोठा मथळा आणि खाली तू, टापटीप. मी तेव्हा हातागुडघ्यांवर रांगत होते, दुसऱ्या बार्जच्या पोटाखाली, तोंडभर गंज घेऊन. माझा फोटो काढला असता तर मीच मला ओळखलं नसतं.

खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, तू शाळेत पहिली आलीस तेव्हापासूनचा. नावा ओढायच्या विंचच्या दोरात बाबांचा हात सापडला तेव्हा मी सोळाची आणि तू नऊची. मी दप्तर ठेवलं ते ठेवलंच. त्याचं दुःख नाही गं, हे काम मला आवडतं. पत्र्यावर हातोडा मारून नुसत्या आवाजावरून तो कुठे पातळ झालाय ते सांगते मी, भल्याभल्यांना जमत नाही. पण बाबांनी हे कधी कुणाला सांगितलं? तू मात्र सुट्टीत येऊन एकदा चहा केलास तर आठवडाभर त्या चहाचं कौतुक. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

तू आखलेला नदीकाठाचा नकाशा दोरखंडवाल्याने दुकानाच्या भिंतीवर लावलाय. रोज कोणीतरी येऊन बोटाने आपली जागा शोधतं. निळ्या रेषेच्या आत जो आहे त्याच्या जमिनीवर नावांचंच काम होणार, इमारती नाहीत. दोरखंडवाला आत, पंखे घडवणारा आत, इंजिनवाला आत. सगळे तुला दुवा देतात. आपला कारखाना तेवढा बाहेर. गुरुवारच्या सुनावणीत तो तसाच कायम झाला की तिथे नदी दिसणारे फ्लॅट उभे राहतील. बिल्डरची माणसं खुंट्या ठोकून गेलीसुद्धा. आणि मोठा बार्ज पाण्याबाहेर ओढून घेता येईल असा उतार अख्ख्या काठावर आपलाच एक. तो गेला तर रेषेच्या आतल्यांनी काम करायचं कशावर? पंखेवाला परवा हेच विचारत होता. मी पाना शोधत राहिले.

बाबांचं तर्कशास्त्र ऐक. पोरीने मुद्दाम आपल्याला बाहेर ठेवलं म्हणे, उद्या कोणी बोलायला नको की घरच्यांची सोय बघितली. अशी सचोटी लाखात एक! जन्माचा कारखाना हातचा चाललाय आणि म्हातारा अभिमानाने फुगलाय. माझा नुसता तिळपापड झाला. यातही शाबासकी तुलाच!

नकाशा लागल्यापासून तुझे चार फोन आले, मी उचलले नाहीत. उचलून काय सांगणार होते? नकाशा आखायच्या आधी तुमच्या ऑफिसातली मुलगी सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन आली होती, तेव्हा बाबांनी तिला बसवून तुझं पुराण लावलं. थोरली काय करते, असं तिने आपलं सहज विचारलं. तर म्हणाले, असते इथेच. इथेच! तेवीस वर्षं! मग ती माझ्याकडे वळली. उतारावर वर्षाला किती नावा चढतात? एकतीस चढल्या होत्या. मी म्हटलं, एकही नाही, उतार बंद पडलाय. समोर बार्ज उभा होता, त्याला भंगार म्हटलं. तू आखलेल्या कशातही मला बसायचं नव्हतं, बस्स. अधिकारीबाईंची सख्खी बहीण खोटं कशाला बोलेल, म्हणून तिने लिहून घेतलं आणि मी सही ठोकली. त्या फॉर्मवरूनच आपण रेषेबाहेर गेलो. घरच्या जागेचा कागद तुझ्या हातात देत नाहीत, हे मला नंतर कळलं.

तू यात पडू नकोस, नाहीतर बहिणीसाठी रेष हलवली म्हणतील. गुरुवारी अकरा वाजता मीच माइकसमोर उभी राहणार आहे. सही माझी, खोटं माझं. हरकतीच्या अर्जाला एकतीस नावांच्या मालकांची पत्रं जोडलीत. कारणाच्या रकान्यात हेवा असं लिहिलंय, सरकारी कागदात बसतं की नाही देव जाणे. चारचौघांत ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. बाबांना सांगायचा धीर झाला नाही. ते येणार आहेत, तुला बघायला, पहिल्या रांगेत. मी उठले की जमलं तर त्यांच्या शेजारी जाऊन बस. चारचौघांत माझ्याविषयी काहीतरी ते पहिल्यांदाच ऐकणार आहेत, आणि ते हे असणार आहे.

तुझीच,
जळकुकडी ताई