किंकेड मैदानावर बोलत नाही

११ फेब्रुवारी, एव्हन्सविल
मागच्या वर्षी मी निवडलेला पॉइंट गार्ड आमच्या बास्केटबॉल संघाला कितीला पडला? एक अख्खा हंगाम, एका प्रशिक्षकाची नोकरी आणि माझी झोप. त्याचा पगार वेगळाच! यंदा जूनच्या ड्राफ्टला, सगळे संघ कॉलेजातली पोरं निवडून घेतात तेव्हा, चुकलो तर जाणार ती माझी नोकरी. गॅरेट तसं तोंडावर म्हणाला नाही. संघाचा कारभार त्याच्या हातात, वय माझ्या निम्मं. म्हणाला, "ओडेल, या ड्राफ्टला एकच नाव दे. पण बरोबर दे." हसत म्हणाला. त्या हसण्याचीच धास्ती घेतलीय मी.

नावं दोन उरलीत. किंकेड आणि ओस्टरमन, दोघंही कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आज किंकेडला पाहिलं. काय हात आहेत! चेंडू जणू त्याचं ऐकतो. पण पोरगा बोलत नाही. पॉइंट गार्ड म्हणजे बाकी चौघांचं तोंड — मागून कोण आडवा येतोय, कुणी कुठे सरकायचं, सगळं ओरडून सांगायचं. हा नुसते ओठ हलवतो.

तरुणपणी मी एका कॉलेजात प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोलीत टॉवेल धुवायचो. सामना दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. या धंद्यातलं माझं शिक्षण तेवढंच. आजही डोळे मिटून सांगतो, खेळ कोण चालवतोय आणि नुसता चेंडू कोण आपटतोय. तीस वर्षांत डोळ्यांनी मला फसवलंय, कानांनी एकदाही नाही. सगळे हेच म्हणतात. आधी मीच म्हणायला लागलो, ते सोडा.

१९ फेब्रुवारी
पंचांनी कसल्या नव्या शिट्ट्या घेतल्यात कोण जाणे. खेळ थांबला की समजायचं, वाजली असेल!

२ मार्च
ओस्टरमनचा सामना. हात बेताचे, पाय बरे. पण आवाज — मालट्रकचा भोंगा! "डावीकडे! मागे बघ! सरक, सरक!" शेवटच्या रांगेत बसून मला शब्द न् शब्द कळला. जरा जिवात जीव आला.

५ मार्च
गेलोच मी. ऑफिसात गॅरेट आणि खेळाडूंची आकडेमोड करणारी दोन पोरं बोलत उभी होती. मी जवळ गेलो तर आवाज खाली. माझं नाव ऐकू आलं, पुढचं सगळं पुटपुटणं. हल्ली माझ्यासमोर सगळेच कुजबुजतात! जायच्या माणसासमोर असंच बोलतात, मी पाहिलंय.

घरी बायकोला, व्हर्नाला सांगितलं तर ती आधीच पेटलेली. "किटली करपली! शिट्टी घरभर वाजत होती, आणि तू शेजारी बसून पेपर वाचतोयस! चित्त कुठे असतं तुझं?"
चित्त कुठे असतं ते तिला काय सांगू.

१४ मार्च
किंकेडचा प्रशिक्षक स्टोव्हर भेटला. दोघांनी डुकराच्या तळलेल्या मांसाचे सँडविच खाल्ले. मी सहज विचारावं तसं विचारलं, "तुझा पोरगा मुका आहे का रे?"

तो खायचा थांबला. "मुका? अरे, सामना संपला की त्याचा घसा धरलेला असतो! मध पाजतो मी त्याला. एका पंचानं तर हात जोडले, बाबा, जरा कमी किंचाळ."

विकणारा असंच बोलणार. मी हसलो, त्याच्या ताटातल्या बटाट्याच्या फोडीही संपवल्या. पण तीस वर्षं खोटं बोलणारी माणसं ओळखतोय मी. स्टोव्हर खोटं बोलत नव्हता. मग काय?

९ जून
किंकेडला आमच्याकडे चाचणीला बोलावलं होतं. मी मुद्दाम रेषेला खेटून बसलो. तेच — ओठ हलतात, आवाज नाही. नंतर पोरगा माझ्याकडे आला, हात मिळवला, काहीतरी म्हणाला. मी मान डोलावली. तो थांबून राहिला, मग खाली बघून निघून गेला.

गॅरेट म्हणाला, "तो विचारत होता, माझ्यात काय कमी आहे? आणि तू नुसती मान हलवलीस!"
"ऐकलं की मी," म्हणालो.
ऐकलं नव्हतं. गर्दी नाही, गोंगाट नाही, पोरगा हातभर अंतरावर!

१७ जून
गॅरेटला ओस्टरमनचं नाव दिलं. दुसऱ्या संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या दोघांचे फोन. "किंकेडचं काय रे?" बोलत नाही, म्हटलं. "तू म्हणतोस म्हणजे संपलंच. तुझे कान!" दुसराही तेच म्हणाला. एरवी असं ऐकून मी फुगलो असतो. आज फोन ठेवून उगाच उभा राहिलो.

२६ जून
काल ड्राफ्ट झाला. आम्ही ओस्टरमनला घेतलं. गॅरेटनं पाठीवर थाप मारली. नोकरी राहिली.

सगळी नावं पुकारून झाली, किंकेडचं आलं नाही. कुणीच घेतला नाही त्याला! सकाळी स्टोव्हरचा फोन. "त्याच्या घरी अख्खी गल्ली जमली होती, ओडेल. आईनं केक मागवला होता. तसाच आहे."

१ जुलै
व्हर्ना ओढत कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. जाड आवाज मला ठणठणीत ऐकू येतात. बारीक, उंच आवाज निदान चार वर्षांपासून ऐकू येत नाहीत.

तिथूनच स्टोव्हरला फोन लावून विचारलं. किंकेडचा आवाज बारीक आहे.