ड्रॅगनला कोण घाबरलंय!

सहा वर्षांच्या पोरीला कोणता सिनेमा दाखवावा, हे आता तू मला ओमानात बसून शिकवणार? श्रद्धाने तुझा मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवला. "आई, असला सिनेमा लहान मुलांना दाखवतात का? आधी कुणाला विचारायचं तरी." खालच्या भाडेकरणीच्या तोंडून बोलणी खाल्ली मी, तीही हातात चहाची बशी धरून. तिलाच लाज वाटली, मध्येच थांबली. मी म्हटलं, वाच गं, पुढेही असेल काही. पुढे नुसतं रागाचं लाल तोंड होतं.

बडोदे, नागरवाडा
मंगळवार, कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. पृथ्वीराज यास आईचा आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तूही तिकडे मजामां असशील असं धरून चालते. गुडघा होता तसाच आहे. नवरात्रात गरब्याच्या भोंग्यांनी कान किटले, आता शांतता झाली तर झोप येत नाही. तुझ्या आबांचा फोटो भिंतीवरून उतरवून पुसला. बाकी विशेष काही नाही.

माझं अक्षर लागलं नाही तर श्रद्धाला विचार. तीच या कागदांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. फोटो काढताना वाचेलच. वाचू दे, तिच्यापासून आता काय लपलंय!

तर सिनेमा. मी हौसेने नेलं नाही. तुझी कोमल रविवारी तिच्या बहिणीकडे गेली आणि नंदूला माझ्याकडे ठेवून गेली. श्रद्धाने तिच्या पोरासाठी तिकिटं काढून ठेवली होती, तो तापाने फणफणला. म्हणाली, "मावशी, वाया जातील, तुम्ही दोघी जा." गेलो रिक्षाने. आत एवढा गारठा, की मी पदर डोक्यावरून घेऊन बसले. नंदूला लाह्यांचा डबा घेऊन दिला. एका डब्याच्या भावात आपल्या घरी महिनाभर लाह्या भाजून होतील, पण ते असो.

गोष्ट अशी. एक राजा, राणी, आणि नंदूएवढा त्यांचा मुलगा. आणि एक भलामोठा अजगर, त्याला पंख, तोंडातून जाळ. त्यालाच ड्रॅगन म्हणायचं. तो येतो आणि गावच्या गाव पेटवून जातो. तू म्हणतोस पोर त्याला घाबरली. अरे, गाव जळत होतं तेव्हा तुझी लेक लाह्या खात होती! मला म्हणते, "आजी, याच्या तोंडात गॅसचा बाटला असेल का?" आपल्याकडे देवाने राक्षसाचं पोट नखांनी फाडलं, आतडी गळ्यात घातली, ही गोष्ट मी तुला पाळण्यात सांगितली. तू अंगठा चोखत झोपून गेलास. पोरं अशा गोष्टींनी मरत नाहीत.

कोमलला मात्र मी सांगितलं की ड्रॅगनला घाबरली. "आत्याबाई, ती झोपेत दचकते, ताट संपल्याशिवाय मला जेवणावरून उठू देत नाही, तुम्ही तिला काय दाखवून आणलंत?" असं विचारत होती. मी म्हटलं, हो गं बाई, चूक झाली माझी. तिने तुला कळवलं, तू मला झापलंस. सगळं रीतसर झालं.

आता खरं लिहिते. बसून वाच.

सिनेमातला राजा लढाईला गेलेला असतो आणि कुणी पोराला सांगत नाही. राणी म्हणते, महाराज त्यांच्या महालात झोपलेत, दार उघडायचं नाही. रोज ताट आत जातं, रोज बाहेर येतं. एके दिवशी पोरगा दार ढकलतो. पलंग रिकामा. ताट वाढलेलं, तसंच.

तिथे नंदूचा हात थांबला. डबा खाली पडला, लाह्या सगळ्यांच्या पायात. आणि चांगलं मोठ्याने म्हणाली, "आजी, याचे पण बाबा मेले."

याचे ‘पण’, असं म्हणाली.

मागची बाई म्हणाली, "माजी, बेबीने बहार लई जाओ ने," पोरीला बाहेर न्या म्हणे. मी म्हटलं, बसून राहा गप. पोर रडत नव्हती रे. रडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने मीच तिला मध्येच बाहेर आणलं, बाकावर बसवून विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हणते, "कुणी नाही. मला माहितीये." आणि मग एकेक काढायला लागली. विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा दिसले नाहीत. आई म्हणते नाइट शिफ्ट आहे, तू झोपलीस की येतात, जेवतात, तू उठायच्या आत जातात. बाबांचा डबा रोज ओट्यावर पालथा असतो. तिने तो उचलून हुंगला. आतून लोणच्याचा वास येत नाही. आणि पितृपक्षात आजीने आजोबांचं पान वाढलं तेव्हा आजीच म्हणाली होती, ते येतात, जेवून जातात, आपल्याला फक्त दिसत नाहीत.

बोल आता. तुझ्या सहा वर्षांच्या लेकीने दोन ताटं शेजारी शेजारी ठेवून हिशेब केला. कुठे चुकली सांग.

गोरव्याच्या कारखान्यात तू बारा वर्षं पाळ्या केल्यास. घरात माणूस असून दिसत नाही याची आपल्याला सवयच. त्या सवयीवर तुम्ही दोघांनी हे नाटक उभं केलंत. सांगितलं तर रडेल, दिवाळीत निवांत सांगू. कोमल बिचारी न वापरलेला डबा रोज घासते. पण रडणं कुणाला सोसणार नव्हतं? तिला, का तुला? पहाटे बूट हातात घेऊन, पाय न वाजवता तू जिना उतरलास. चोर असा जातो. कमवायला निघालेला बाप असा जात नाही.

हे मी कोमलशी बोलले नाही. गळ्यात मंगळसूत्र असलेल्या बाईला, तेही कोजागिरीच्या तोंडावर, कोणत्या जिभेने सांगू की तुझी पोर असं धरून बसलीये? तुला सांगते आहे कारण तू जिवंत आहेस. शिवाय मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. तुझं वाढलं.

बाकावरच मी नंदूला सांगून टाकलं. तुझा बाप ठणठणीत आहे, ओमानला आहे, विमानात बसून गेलाय, तिथे पाइप बसवतो आणि पाणचट डाळ खातो. तिला पटलं नाही. संध्याकाळी श्रद्धाच्या फोनवरून तुझं तोंड दाखवलं, म्हटलं आता तरी पटेल. आणि तू शहाण्या, हात हलवून काय म्हणालास? "बाबा ड्यूटीवर आहे बेटा, तू झोपलीस की येतो." मी ओमान सांगते, आणि तू ‘झोपलीस की येतो’ सांगतोस! फोन ठेवला तर नंदू म्हणाली, "आरशातला राजा पण असाच बोलायचा."

कारण सिनेमात पुढे तेच आहे. एक जादूगार आरशात राजाचं तोंड दाखवतो, आवाज काढतो, पोराला फसवतो. मग पोरगा त्या आरशाला असं काही विचारतो जे फक्त खऱ्या राजाला ठाऊक. आरसा गप्प बसतो. बाकावरून उठून नंदूने उरलेला सिनेमा बघायचाच म्हणून मला परत आत नेलं होतं, आणि हे सगळं नीट पाहून ठेवलं. म्हणून माझं मत विचारशील तर तो सिनेमा लहान मुलांनी खुशाल बघावा. आईबापांनी एकट्याने बघू नये.

काल गच्चीवर दूध ठेवलं चांदण्यात. दर साली तुझा पेला मी आधी भरते, कुठेही असलास तरी. काल ठेवला नाही. नंदू बघत होती. तिच्या देखत न येणाऱ्या माणसाचं ताट, पेला, काही मांडायचं नाही, असं मी ठरवलंय. दूध जरा जास्त झालं, मी प्याले. रात्रभर पोट जड होतं. दुधानेच.

आता काय करायचं ते ऐक. आजच्या आज कोमलला फोन कर आणि सांग की तो डबा उचलून माळ्यावर टाक. का ते तू सांग, तुझ्या शब्दांत. मग नंदूशी बोल, ओमान म्हण, कधी येणार तेही म्हण. खोटा दिवस सांगू नकोस. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. रडली तर रडू दे, फोन ठेवायचा नाही. तूही रड, तिथे कोण बघतंय.

आणि एवढ्याने होणार नाही. नंदूने एक सवाल दिला आहे. फोनवर चालणार नाही म्हणते, आरसा आवाज चोरतो. कागदावर, बाबांच्या अक्षरात पाहिजे. तुझ्याबरोबरचा हेरंब दिवाळीला सुट्टीवर येतोय ना, त्याच्या हाती बंद पाकीट दे. सवाल असा: गोरव्याच्या वळणावर स्कूटर वळवताना बाबा आणि मी काय ओरडतो?

मी विचारलं, काय ओरडता गं? मला सांगितलं नाही. कोमललाही ठाऊक नाही. तुझ्या लेकीने भरवशाचं एवढंच एक हाताशी ठेवलंय, ते विसरला असशील तर तुझं काही खरं नाही.

तुझी आई,
सुहासिनी

मला उलट पत्र नको. माझी माफी मागत बसू नकोस. कोमलने उत्तर द्यायचं नाही, हेरंबने तोंडी सांगायचं नाही. तू द्यायचंस, आणि तिला द्यायचंस. पाकिटावर राजनंदिनी पृथ्वीराज असं आख्खं नाव घाल. ते मी फोडणार नाही, कुणाला फोडू देणार नाही.