कुंपणाबाहेरची फुलं

३ मे १९५८

नात व्हर्लीन नॅशव्हिलला गाते हे ठाऊक होतं. आज तिनं स्वतः रचलेलं गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागलं. गाण्यात एक आजी – थडगी सजवायच्या रविवारासाठी कागदाची सात फुलं करते, मेणात बुडवते. घरची थडगी सहाच. सातवं फूल दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, बिननावाच्या धोंड्यापाशी.

ती आजी मी.

मक्याची भाकर जळून कोळसा.

४ मे

लग्नाआधीचं पोर माझं. एक दिवस जगलं. बापाचं नाव नाही, म्हणून कुंपणाबाहेर पुरलं. सत्तेचाळीस वर्षं ब्र काढला नाही – नवऱ्यापाशीही नाही. आणि ही कारटी अख्ख्या केंटकीला सांगते! पाच वर्षांची होती तेव्हा टोपली धरायला नेलं होतं, तेवढंच. डोळे की काय!

७ मे

चर्चच्या पायरीवर शेजारीण ऑर्फा – "काय गं डेल्फी, यंदा फुलं किती?"

"तुझ्या दातांपेक्षा जास्त."

बोलले खरी. घरी आल्यावर फुलांचे कागद पेटीत लपवून ठेवले.

१७ मे

व्हर्लीन आली. रेकॉर्डवाला तिला म्हणाला म्हणे – बाईनं गावं, लिहिणं पुरुषाचं काम. हिनं ऐकलं नाही. आता ३१ तारखेला नॅशव्हिलच्या मोठ्या स्टेजवर हेच गाणं, रेडिओवरून सगळ्या राज्यांत ऐकू जाणार.

"आजी, तू नको म्हणालीस तर नाही गाणार. दुसऱ्या कुणाचं गाईन."

"मग पुन्हा बोलावतील?"

"नाही. दुसऱ्यांची गाणारे ढीगभर आहेत."

मी म्हटलं, नको गाऊस.

रडली नाही. भांडी घासली नि गेली.

२५ मे

आज थडगी सजवायचा रविवार. सातवं फूल घेऊन कुंपणाबाहेर गेले.

तिथले इतर धोंडे – मला नुसते दगड वाटायचे. प्रत्येकावर फूल. मेणातलं, ताजं. माझा धरून नऊ. आत सगळे गात होते, जेवणं मांडत होते. कोणी कोणाकडे बघेना.

२६ मे

दुकानातून व्हर्लीनला फोन लावला. "गा. फक्त शेवटी घाल – धोंडे नऊ आहेत."

मागे ऑर्फा साखर घ्यायला उभी. हळूच म्हणाली, "दहा. एक ओढ्याकाठी आहे."