चार गिअर मागे, एक पुढे

२ मार्च

सकाळची फेरी झाली. एकेकाची विचारपूस केली. इंजिन — खुशाल. गार हवेत जरा खोकतं, पांढरा धूर सोडतं, मग शांत. रेडिएटर — गळायचा थांबला, देव त्याचं भलं करो. बॅटऱ्या — एक तरणीताठी, दुसरी माझ्या वयाची. गिअरबॉक्स — दुसऱ्या गिअरला अजून कुरकुरतो, अगदी माझ्या सासूबाईंसारखा. माझा गुडघा — बसखाली जाताना हसत जातो, बाहेर येताना संप पुकारतो.

ह्यांचे डोळे — विचारलं नाही. उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंच आहे.

३ मार्च

डॉक्टरीणबाई फार चांगल्या. सगळं सावकाश सांगितलं. "जिथे बघायला जाल तिथेच धुकं दिसेल. कडेचं दिसत राहील." ह्यांचा परवाना महिनाअखेरीला संपतो. नवा करताना डोळे तपासतात. त्यात हे पास होणार नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही. तोवर? "दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्यावर, हळू. आणि शंका आली की थांबायचं."

घरी येईपर्यंत हे एवढंच बोलले — "घाट राहिला."

मला ठाऊक आहे ना! ह्यांची बस चालवण्यातली सगळी नोकरी एकाच मार्गावर, घाट कधी वाट्याला आलाच नाही. डेपो ते इस्पितळ, इस्पितळ ते डेपो. डोंगर कायम आरशात, मागे. हे निवृत्त झाले त्याच वर्षी ही बसही मोडीत निघाली, ती आम्ही घरी आणली. मागच्या चाकांवर पलंग, दाराशी शेगडी, पडदे मी शिवले. इंजिनचं झाकण ड्रायव्हरच्या शेजारीच — त्यावर माझं पीठ छान फुगतं. घरासारखं घर झालं, पण गावाबाहेर काही गेलं नाही. ही शहरातली बस! थांब्या-थांब्याला उभं राहायला घडवलेली. जोर भरपूर, धाव नाही. पन्नासला इंजिन असं किंचाळतं की चहा हवा का हे खुणेनं विचारावं लागतं. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंतच जीव जाईल तिचा.

म्हणजे ह्या महिन्यात ती लांब पल्ल्याजोगी करायची. करणार कोण? मीच.

६ मार्च

भंगारवाल्या भाऊंचा सकाळीच फोन — "ताई, धावत या!" लांब पल्ल्याची एक बस तोडायला आली आहे, आमच्याच बनावटीची. तिचा डिफरन्शियल शाबूत!

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो ना, तो. त्यातले दात ठरवतात, इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी. लांब पल्ल्याच्या बसचा गोळा घातला की इंजिन निवांत आणि चाक पळतं. चढावर जोर थोडा कमी पडेल, पण पहिला गिअर आहेच. घाटात आपल्याला कोण हाकलतंय!

"दात बघा, ताई. माझ्यापेक्षा चांगले आहेत." एकेका दातावरून बोट फिरवलं. खरंच होते. भाऊंनी तो आधीच रॉकेलनं धुऊन ठेवला होता, आणि उचलायला साखळीची कप्पीही देऊ केली. शिलाई मशिनपासून सुरू झालेलं माझं हे वेड. कुठल्या शाळेत गेले नाही, पण अशी माणसं भेटत गेली. आणखी काय हवं?

९ मार्च

ह्यांच्या आग्रहानं शिकाऊ परवाना काढला! "खाली काम करतेस, बस जरा पुढेमागे घ्यायची तर दर वेळी मला हाका मारतेस." परवान्याच्या ऑफिसात खिडकीतली पोरगी म्हणाली, "आजी, स्कूटर का?" म्हटलं, "नाही गं, बस." तिनं पेनच खाली ठेवलं.

१३ मार्च

जुना गोळा उतरवला, नवा चढवला. भाऊ कप्पी ओढत होते, मी खालून वाट दाखवत होते. "डावीकडे!" "कुणाच्या डावीकडे, ताई?" "बसच्या!" बोल्ट सगळे गुमान बसले. इंजिनकडून गोळ्यापर्यंत येणारा मधला लांब दांडा जोडताना तो जरा वर चढल्यासारखा वाटला. पण फार दमले होते. तेल भरलं. हातपाय धुऊन आडवी झाले. समाधान!

१४ मार्च

काय सांगू! हे ऐटीत चालकाच्या जागेवर बसले. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला — बस मागे! सरळ मागे, माझ्या वाळत घातलेल्या चादरींत! हे म्हणाले, "रिव्हर्स पडला वाटतं." दुसरा टाकला — आणखी जोरात मागे! शेवटी रिव्हर्स टाकला, तर बाईसाहेब सज्जनासारख्या पुढे आल्या.

गोळा उलटा बसवला होता आम्ही. वरची बाजू खाली. बोल्टची भोकं चारी बाजूंनी सारखीच असल्यामुळे तो कसाही बसतो, आणि मग चाकं उलटी फिरतात. भाऊंनी कपाळावर हात मारला. मी तर मातीतच बसले.

आणि हे? बसच्या दारात उभे राहून पोट धरून हसत होते. अंगावर एक ओली चादर. "मिस्त्रीबाई, चार गिअर मागे, एक पुढे! एवढ्या वर्षांत एक अपघात नाही माझा, आणि आज पलंगपोसावर गाडी घातली!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून पहिल्यांदा. त्या चुकीला मनातल्या मनात हात जोडले मी.

१७ मार्च

पुन्हा उतरवला, पुन्हा चढवला. ह्या वेळी वरच्या बाजूला खडूनं ठळक बाण काढला. भाऊंनी त्याच्या खाली "आकाश" असं लिहिलं. चावट कुठले.

गेली पुढे!

१९ मार्च

लांब रस्त्यावर नेली. इंजिन गुणगुणत होतं. खरंच, गुणगुणत! हे म्हणाले, "अगं, तुझं बोलणं ऐकू येतंय!" म्हटलं, "मग आता ऐका जन्मभराचं." दोघंही खुशीत.

परतताना समोर एक सायकलवाला होता. रस्त्याच्या अगदी मध्ये. मला केव्हाचा दिसत होता. ह्यांचा पाय ब्रेककडे जाईना. मी किंचाळले. बस थांबली, त्याच्या अगदी मागे. त्यानं वळून हात केला आणि गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

हे स्टिअरिंग धरून बसून राहिले. समोर बघायचं तिथेच धुकं.

२० मार्च

भाजीत मीठ दोनदा पडलं. ह्यांनी ती तशीच खाल्ली.

२१ मार्च

आज सांगून टाकलं. "घाट राहू दे. आपल्याला काय कमी आहे?" हे "बरं" म्हणाले. तेवढंच. मग बराच वेळ बसच्या काचा पुसत बसले. आतून, बाहेरून.

एवढी चांगली झाली बस, आणि आता ती न्यायची कुठे?

२३ मार्च

ह्यांचं नवंच सुरू झालंय. "ब्रेक एका बाजूला ओढतोय. मैदानात तू चालव, मी खाली उभं राहून ऐकतो." चालवली. मला काही ओढताना दिसला नाही. "पुन्हा." पुन्हा चालवली. वळणं घेतली, मागे घेतली, टपाच्या उंचीचा अंदाज घेतला. चारदा बंद पाडली. ओरडले नाहीत. विरंगुळा आहे त्यांचा, म्हटलं, असू दे.

२५ मार्च

आज क्लच. कालव्याच्या चढावर उभी करायची आणि मागे न सरकू देता पुढे काढायची. "घसरतोय का बघ." क्लच मी स्वतः बसवलाय, तो कशाला घसरतोय! पण शेजारी बसून फार गोड सांगतात — "पायाचं नको ऐकू, आवाज ऐक. दम लागला की खालचा गिअर." इंजिनचा दम मला कळतोच की. तो कळल्यावर पायानं काय करायचं, ते आता कळलं.

२८ मार्च

सकाळी बघते तर ह्यांनी पाण्याच्या टाक्या भरून ठेवलेल्या. भांडी बांधलेली. विचारलं तर म्हणाले, "ब्रेक तपासायला जायचंय. जरा लांब."

३० मार्च

घाटमाथा. वर येताना इंजिन तापू नये म्हणून आतला हीटर पूर्ण उघडला होता. दोघं घामानं निथळतोय. खाली सगळं मोकळं पसरलंय. कसं दिसतं ते मी सांगतेय आणि हे कडेकडेनं बघतायत.

चालवत मी आणली. घरापासून इथवर. ब्रेक न् क्लचचं नुसतं निमित्त होतं ह्यांचं.

शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्का परवानेवाला बसावा लागतो. ह्यांचा उद्या संपतो. आज होता.