कूलरखालच्या गोगलगाई

पुलगाव,
१६ मे १९८३

चि. शरयू,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. ऊन मी म्हणतंय. मागच्या खिडकीला कूलर लावला. तुझ्या होकाराचं पत्र मिळालं. बाबा रविवारी अमरावतीला जाऊन साक्षगंधाची तारीख ठरवणार आहेत. त्यांनी पेढेही वाटले. माझा अजून कपाटात आहे.

बाकी विशेष काही नाही.

मागच्या बुधवारी आपली भांडीवाली जयवंता कूलरमध्ये पाणी भरायला मागे गेली नि तिथूनच ओरडली, "बाई, मेल्या म्हनत होत्या ना तुमी? ह्या त चालून राह्यल्या!"

कूलरचं पाणी ठिबकतं तिथल्या पाल्यात तुझ्या गोगलगाई होत्या. चौदा सापडल्या. तुझ्याच मडक्यात ओली माती घालून ठेवल्या आहेत. तुझ्या वहीत शेवटच्या ओळीखाली मी रोज लिहिते. वांग्याच्या कोवळ्या पानाला तोंड लावलं नाही. पपईचं सडकं पान शिरा तेवढ्या ठेवून खाल्लं. पहाटे दोघी मडक्यातून निघून भिंतीचा चुना खरवडत होत्या. शंखाला चुना लागतो, तूच म्हणायचीस. अशाच नोंदी हव्यात ना?

इथवर लिहून तीनदा उठले. कूलर बंद केला, पुन्हा लावला.

शरयू, तू परीक्षेला नागपूरला होतीस आणि मुलाकडची माणसं यायची होती. मडकं त्यांना दिसायला नको म्हणून ते मागच्या पाल्यात रिकामं केलं, असं मी स्वतःला सांगत आले. तुला म्हटलं, उन्हानं मेल्या. "माझंच चुकलं, सावलीत ठेवायला हवं होतं," एवढंच तू बोललीस. दोन वर्षांचा अभ्यास गुंडाळलास. मग हा होकार.

पण त्याआधी, होळीच्या सुमारास, तू एक माझ्या तळहातावर ठेवली होतीस. तोंडावर पांढरा, पातळ पडदा. "आई, उन्हाळाभर ही अशीच झोपते. मेलेली नाही."

टाकताना मी एकेक उलटून पाहिली होती. प्रत्येकीवर पडदा होता.

अभ्यास सुटला की तू हो म्हणशील, एवढंच मला दिसत होतं.

बाबांना आज संध्याकाळी सांगते. त्यांची बॅग मी भरणार नाही. लग्न तुला मनापासून हवं असेल तर तसं कळव. नसेल तर शनिवारच्या पॅसेंजरनं ये, माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. गोगलगाईंसाठी पाला कुजत घातला आहे.

जिवंत आहेत हे माहीत असून त्या टाकणारी,
तुझी आई