शेंदरी दगडाखालचा डबा

आप्पा, तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. आईला सांगून पाहिली, पण ती 'देवाची चेष्टा करू नये' म्हणत पोळ्या लाटायला उठली. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग तेच म्हणाला असतात.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. पुढे दहावीपर्यंत कशीबशी पोचले, मग शाळेचं आणि माझं जमलं नाही. मार्केटात साड्यांच्या घड्या घातल्या, लेस लावली, घरोघर पार्सलं वाटली, पण बूड कुठेच टेकलं नाही. तुम्हाला याचं नवल वाटायचं नाही. इथली, सुरतेतली, नवागामची ती खोली मला अजून दिसते. तुमची सुट्टी आहे, तुम्ही भरितासाठी वांगी भाजताय, आणि मी मीठ आणायला गेले आहे. दुकानापाशी एक उंट उभा. तो निघाला, त्याच्यामागे मी. परत आले तेव्हा वांगी गार झाली होती आणि भरीत आळणीच कालवलेलं होतं. कापडाच्या लूमच्या खडखडाटात बोलायची सवय तुमची, घरातही बोललात की सगळी चाळ ऐकायची. "तुले मीठ लेवाले धाडी, तं तू समुद्र देखी उनी." शेजारच्या खोल्यांतून हसू फुटलं. मी मान खाली घालून बसले. तुम्ही आळणी भरिताचा घास घेतलात आणि जरा हळू आवाजात विचारलंत, "उंट केवढा व्हता?"

त्याच संध्याकाळी तुम्ही मला तापीवर नेलं होतं. पाण्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हाई पानी आपला गाववरतीन येस. मधमा उकाईले धरनमा थांबस, इसावा लेस, मंग आपलाकडे येस." गाव मी तोवर पाहिलंही नव्हतं, पण त्या दिवसापासून नदीशी ओळख झाली ती झालीच. आता मी संध्याकाळी तिच्याच काठाने चालते. आणि आप्पा, ऐका, चालायचंच काम मिळेल असं दिसत होतं.

इथे हौशीने चालणाऱ्यांचा एक गट आहे. चांगल्या घरची, चांगल्या बुटांची माणसं. त्यांच्या पुढारी एक गुजराती बेन. मी एकदा त्यांना जिओकॅशिंग दाखवलं होतं. म्हणजे काय, तर कोणीतरी कुठेतरी एक डबा लपवतं आणि फोनमधल्या नकाशावर त्या जागेची खूण टाकतं. आपण चालत जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं, एखादी बारकी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा लपवायचा. लपंडावच, फक्त लपणारा घरी निघून गेलेला असतो. बेनना खेळ आवडला. म्हणाल्या, एक संध्याकाळ तू आम्हाला घेऊन जा. नीट पार पडली तर दर शनिवारी तूच, पैसे देऊन.

मी नदीकाठच्या वाटेवर, जुन्या पायऱ्यांच्या वर एका पिंपळाच्या मुळांत स्टीलचा डबा ठेवला आणि वर एक गोल दगड. पण फोनची खूण दहा पावलं इकडेतिकडे होते आणि संध्याकाळी उजेड कमी, म्हणून दगड चटकन दिसावा असं वाटलं. घरमालकाने दाराला लावलेला रंग उरला होता, तो दगडाला फासला. शेंदरी रंग होता. हसताय ना? पिंपळाखाली, नदीकाठी, शेंदरी दगड. परक्या मुलखातल्या माणसाने केलं असतं तर ठीक. मी तुमची मुलगी, आणि माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस पार्सलांच्या गडबडीत मी त्या बाजूला फिरकलेच नाही. ठरलेल्या शनिवारी दहाबारा जणांना घेऊन निघाले. आधी कडेच्या मातीत खंड्याचं बीळ दिसलं, ते दाखवत बसले. मग एक माणूस तराफ्यावर कुत्रा घेऊन चालला होता, त्याच्याशी बोलत बसले. बेन सारख्या फोनमधली वेळ बघत होत्या. पिंपळापाशी पोचलो तर तिथे हार, अबीर, फोडलेले नारळ, उदबत्तीचा धूर, आणि पुढ्यात आपल्याकडचं नऊवारी लुगडं नेसलेली एक म्हातारी.

"बूट काढा पहिले," ती म्हणाली. "आठे देव निंघेल शे."

बेनच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होईना. सगळ्यांनी मुकाट्याने बूट काढले. मी पुढे बसले आणि हळूच म्हटलं, "आजी, त्या दगडाखाली माझा डबा आहे."

"देवखाले डबा? मंग तो देवनाच डबा."

"अहो, दगड मीच रंगवलाय."

"मंग? कोनी तरी रंगाडनारा लागसच. देव का सोता रंगस?"

मागून एक काका फसकन हसले. बेन कानाशी म्हणाल्या, "आ शुं छे? आपणे डब्बो शोधवा आव्या छीए के दर्शन करवा?" माझा शनिवार गेला असंच मी धरून चालले.

मग आजीने आपल्या माणसांचा नेहमीचा प्रश्न टाकला. "गाव कोनतं?" सुरतेत जन्मले, सुरतेत वाढले, पण तुम्ही शिकवलं होतं की आपल्यापैकी कोणी विचारलं तर नवागाम सांगायचं नाही. मी तुमच्या गावाचं नाव घेतलं. आजी सरळ होऊन बसली.

"तापीना काठवरलं?"

"हो."

"मंग तू तं वरली शे. पानी पहिले तुना गाववरतीन येस, मंग माना." आणि लगेच, "बाप काय करस?"

"लूमवर आहेत," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू सगळं जुळलं. मग जरा विचार करून म्हणाली, "देवले ऊठ म्हनता येत नही. बोळवन करनी पडस. कानबाई माता बी घरमा एक रात राहस न जास. हाऊ तं लई दिवस राहना. जाऊ दे त्याले पानीकडे. मंग काढ तुना डबा."

आप्पा, पुढचं तुम्ही बघायला हवं होतं. हसलेल्या काकांनाच आजीने धरलं. डोक्यावर त्यांचा महागाचा टॉवेल, त्यावर दगड. अनवाणी, पायऱ्या उतरताना प्रत्येक खड्याला "अरे बापरे" म्हणत. आजीने कानबाईचं गाणं धरलं, आणि मला वाटलं होतं मला येत नाही, तर ओळीमागून ओळ यायला लागली. बेनना गाणं कळत नव्हतं, पण ताल कळला. त्यांनी गरब्याच्या टाळ्या सुरू केल्या. मग काय, खालच्या फरशीवर सगळेच गोल फिरायला लागले. आपलं गाणं, त्यांच्या टाळ्या, आणि मध्ये घामाघूम काका देव सांभाळत उभे. फिरायला आलेली माणसं थांबून हात जोडत होती. शेवटच्या पायरीवर दगड पाण्यात सोडला. जरा वेळ शेंदरी दिसला, मग गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

डबा निघाला. कागदावर सगळ्यांनी नावं लिहिली. काकांनी आत शिट्टी ठेवली आणि मी ठेवलेला लेसचा तुकडा घेतला. आजी म्हणाली माझंबी लिही, तर तिचंही लिहिलं. परतताना बेन म्हणाल्या, "शनिवारे पाछी आवजे. ने माजीने पण लेती आवजे." शनिवार माझा, आणि आजीलाही आणायचं. मी नुसतं "हो बेन" म्हटलं, आणि पुलापर्यंत बूट हातातच आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

आता हे पत्र टाकणार कुठे? डब्यात मावलं असतं, पण शोधणारे वाचतील. राहू दे माझ्याचकडे.

एक सांगायचं राहिलं. निघताना आजीने खोबऱ्याचे दोन तुकडे हातावर ठेवले. "हाऊ तुले. हाऊ तुना बापले." तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, पण माझ्या तोंडून आलं, "देते." पुलावर उभं राहून दोन्ही मीच खाल्ले. येत्या शनिवारी ती तुमची खुशाली विचारणार. मी बहुतेक सांगेन की बरे आहेत, सध्या दिवसपाळी आहे.