हातभर जागा

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळ

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. रागावू नकोस.

घरी सगळे ठीक. धाकटीचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे बाईसाहेब तोंडावर हात धरून हसतात. मोठी बातमी म्हणजे मी सायकल घेतली. हसलीस ना? बावीस वर्षं बस चालवणारा माणूस शेहेचाळिसाव्या वर्षी सायकल घेतो! तीही साधी नाही, खाली वळलेल्या हँडलची, रोड बाइक. हिला सांगितलं, डॉक्टर म्हणतात साखर वाढलीय. रोज डेपोत सायकलने जाईन, रविवारी लांब चक्कर मारीन.

दुकानातली बाई मोठी खमकी. मी सगळ्यात हलकी, बारीक टायरची सायकल उचलून बघत होतो, तर म्हणाली, "काका, रोज कामावर न्यायची की रविवारी मिरवायची?"

"दोन्ही."

"मग ती खाली ठेवा. ती शर्यतीची. आठ दिवसांत पाठ बोलायला लागेल."

तिने मला दांडीवरून पाय टाकून उभं केलं, वाकून मधलं अंतर बघितलं आणि दोन मापं बदलली. टायर जरा रुंद घ्या, खड्ड्यांनी हात बधिर होत नाहीत. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची सोय असलेली घ्या, नाहीतर डबा पाठीवर घेऊन घामाने निथळाल. मी सगळ्याला हो म्हणत गेलो. शेवटी विचारलं, "बाजूने बस गेली तर ही किती हलते?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "ते सायकलीवर नसतं, काका. बसवाल्यावर असतं."

मी मान खाली घालून पैसे मोजायला घेतले.

ताई, आता लिहूनच टाकतो. साखरबिखर काही नाही. दोन महिन्यांपूर्वी माझ्या बसचा आरसा एका सायकलवाल्या बाईच्या खांद्याला लागला. शाळेत शिकवते ती. फुटपाथच्या कडेवर आपटली. खांद्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं. वाचली, पण मनगट अजून पुरतं वळत नाही म्हणतात.

चौकशीत लिहिलं गेलं की सायकलस्वार अचानक मध्ये आली. तसं मी सांगितलं, कंडक्टरने मान डोलावली. तेव्हापासून मला गाडीवरून उतरवून भांडारात बसवलंय. नट, पट्टे, आरसे मोजून देतो. दाजींना ठाऊक आहे. ते म्हणाले, एकदा लेखी दिलंस ना, मग आता तोंड उघडू नकोस. तुला त्यांनी सांगितलं नसणार.

आणि त्यांनाही ठाऊक नाही, हिलाही नाही, ते हे. ती मध्ये आली नव्हती. ती आपली कडेने सरळ चालली होती. मला सहा मिनिटं उशीर झाला होता. मी हॉर्न दिला, ती हलली नाही. हलणार तरी कुठे? मला राग आला. मनात म्हटलं, घाबरू दे जरा. आणि बस तिच्या अंगावर दाबली. चुकून गेली नाही, ताई. मी दाबली.

म्हणून सायकल घेतली. तिला किती जागा होती ते मला बघायचं होतं.

गेल्या रविवारी सकाळी त्याच रस्त्याने निघालो. पूल उतरताना मागून इंजिनचा आवाज आला. बावीस वर्षं तो आवाज आतून ऐकलाय. बाहेरून तो वेगळाच असतो, पाठीच्या कण्यातून वर चढतो. बस बाजूने गेली. चांगली हातभर जागा सोडून गेली, तरी वाऱ्याने हँडल खेचलं आणि मी ओरडलो. चक्क ओरडलो. पुढे थांब्यावर बस उभी होती. खिडकीतून आमचाच एकजण, पैलवान म्हणतो आम्ही त्याला, हसत म्हणाला, "काय उस्ताद, घाबरवलं का?"

तिथून मी सायकल हाताने ढकलत घरी आणली. हातभर जागेत ही गत, आणि मी तिला वीतभरसुद्धा ठेवली नव्हती.

त्या बाईने चौकशीच्या निकालावर अपील केलंय. सोमवारी सकाळी सुनावणी आहे. काल कंडक्टर भांडारात आला.

"उस्ताद, दिलंय तेच सांगायचं ना?"

"मी खरं सांगणार आहे."

तो तिथेच खोक्यावर बसला. "माझं घर आत्ता कुठे उभं राहतंय."

"तू मागच्या दाराशी होतास. तुला दिसलं नाही असं सांग. तेच खरं आहे."

"मग तेव्हा मान का डोलावलीस, असं विचारतील. काय सांगू?"

आणि तो उठून गेला. माझ्यासाठी खोटं बोलला, आणि आता माझ्याचमुळे तोही बुडणार. हे ओझंही माझंच.

नोकरी जाईल. कदाचित गुन्हाही दाखल होईल. आज संध्याकाळी हिला सांगणार आहे. काय म्हणेल, माहीत नाही. धाकटीला काय सांगायचं, तेही माहीत नाही.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. मुद्दाम आज टाकतोय. आधी मिळालं असतं तर तू धावत आली असतीस, रडली असतीस, आणि तुझ्याकडे बघून मी सोमवारी पुन्हा तेच जुनं सांगून आलो असतो. मला माझा भरवसा नाही, ताई. म्हणून तुलाही लांब ठेवलं.

तू हे वाचशील तेव्हा मी बोलून झालेला असेन. बोललो नसेन, तर मला दारात उभं करू नकोस.

सोमवारपर्यंत तरी ड्रायव्हर असलेला,
तुझा भाऊ